कमळांचा खंदक : बोडियमच्या कोटाची कथा

किल्ला हा शब्द उच्चारतांच महाराष्ट्रीयाच्या डोळ्यांपुढें सह्याद्रीचीं शिखरें उभीं राहतात, आणि तें योग्यच आहे. मनूनें दुर्गांचे सहा प्रकार सांगून त्यांत गिरिदुर्गास अग्रस्थान दिलें; रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत तर दुर्गांसच राज्याचें सर्वस्व मानिलें आहे. या परंपरेंत वाढलेल्या मनास किल्ला ही राज्याची वस्तु वाटते. हवालदार बदलतात, सबनीस बदलतात, गड मात्र राज्याचा राहतो. युरोपांतील ‘कॅसल’ हा याहून निराळा प्रकार आहे. तो बहुधा एका सरदाराचा आणि त्याच्या घराण्याचा असतो. तो त्यांत राहतो, जेवतो, पाहुणे बोलावतो, मुलीबाळींचीं लग्नें जुळवितो आणि प्रसंग पडल्यास तटावर उभा राहून लढतोहि. तट-बुरूज आणि राहता वाडा यांनीं एका छपराखालीं थाटलेला संसार म्हणजे कॅसल. आपल्या भाषेंत त्याला जवळचा शब्द शोधूं गेल्यास तो ‘गढी’ हाच होय.

असा विचार करतांना आम्हांस नेहमीं कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील एक स्थळ आठवतें. दुर्गाभोंवतीं तीन खंदक असावेत. त्यांची रुंदी चौदा, बारा व दहा दंड असावी, असें सांगून तो त्या पाण्यांत काय असावें हेंहि सांगतो. तेथें असावींत कमळें आणि मगरी! हें स्थळ प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस मौज वाटली होती. मगरींचें प्रयोजन कोणासहि कळेल. परंतु शत्रूस बुडविण्याकरितां खणलेल्या पाण्यांत कमळांचें काय काम? या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर आम्हांस पुष्कळ वर्षांनीं मिळालें, आणि तें पाटलिपुत्रांत न मिळतां इंग्लंडांतील एका लहानशा कोटाचा इतिहास वाचतांना मिळालें. त्या कोटाचीच ओळख या महिन्यांत वाचकांस करून द्यावी असें योजिलें आहे.

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यांत ससेक्स नांवाचा परगणा आहे. तेथें रॉदर नदीच्या खोऱ्यांत, समुद्रापासून दहा-बारा मैल आंत, बोडियम नांवाचें खेडें आहे. खेड्याजवळच एक विस्तीर्ण तळें असून त्याच्या मधोमध, जणुं पाण्यांतूनच उगवला आहे असा, एक चौकोनी दगडी कोट उभा आहे. चार कोपऱ्यांस चार वाटोळे बुरूज. पूर्व, पश्चिम व दक्षिण या तीन बाजूंच्या मध्यावर एकेक चौकोनी बुरूज. आणि उत्तरेस जोड-बुरुजांचें महाद्वार. बुरुजांची उंची सुमारें ६० फूट आहे. एवढीच त्याची आकृति. पण ती इतकी नेमकी व प्रमाणशीर आहे कीं, लहान मुलास किल्ल्याचें चित्र काढावयास सांगितलें तर तो नकळत बोडियमच काढील. उन्हाळ्यांत त्या पाण्यावर फुलें फुलतात. काटेकोर बोलावयाचें तर तीं कमळें नव्हेत, कुमुदें होत. परंतु कौटिल्याच्या खंदकाची आठवण होण्यास तेवढेंहि पुरे.

हा कोट बांधला कोणी व कशासाठीं? इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील प्रसिद्ध शतवार्षिक युद्ध १३३७ सालीं सुरू झालें. आरंभीं इंग्रजांची सरशी होती. पुढें पारडें फिरलें. १३७७ सालीं फ्रेंचांनीं समुद्रावरून येऊन राय हें बंदर जाळलें. १३८० सालीं विंचेल्सी या शेजारच्या बंदराची तीच गत झाली. त्या काळीं रॉदर नदीतून बोडियमपर्यंत नावा येऊं शकत. तेव्हां परशत्रु नदीमुखांतून आंत शिरेल ही भीति कल्पित नव्हती. अशा वेळीं, १३८५ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत, अठरा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड यानें सर एडवर्ड डॅलिंग्रिज या सरदारास आपल्या राहत्या घरास दगडचुन्याची भिंत व चर्या बांधून त्याचा कोट करण्याची परवानगी दिली. मुलुखाचें रक्षण व शत्रूचा प्रतिकार हें कारण त्या सनदेंत स्पष्ट नमूद केलेलें होतें.

येथें एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. त्या काळच्या इंग्लंडांत तटावर चर्या उभारण्यासाठीं राजाचा परवाना घेण्याची पद्धत होती. असा परवाना मिळणें हाच एक बहुमान असे. आपल्याकडे पालखीचा किंवा छत्रचामरांचा मान मिळे, तशांतलाच हा प्रकार. पालखींत बसल्यानें माणूस अधिक लवकर पोंचतो असें नाहीं. पण पालखी कोणाची आहे हें सर्व गांवास कळतें. आणखी गंमत अशी कीं, परवाना जुन्या घरास तटबंदी करण्याचा असतां डॅलिंग्रिजनें जुनें घर तसेंच सोडलें आणि नव्या जागीं अथपासून इतिपर्यंत नवा कोट उभारला.

हा गृहस्थ कोण होता हें पाहिल्यावांचून त्याच्या घराचा अर्थ कळावयाचा नाहीं. तो १३४६ च्या सुमारास जन्मला. घराण्यांत तो धाकटा मुलगा होता. आणि इंग्रजांच्या वारसा-पद्धतींत वडिलोपार्जित इस्टेट थोरल्याकडे जाते, धाकट्याच्या वांट्यास बहुधा नशीब येतें. आपल्याकडे दायभागाचे तंटे कितीहि झाले तरी धाकट्यास अशा रीतीनें रिकाम्या हातानें बाहेर पडावें लागत नसे. डॅलिंग्रिज तरवार घेऊन फ्रान्सांत गेला. तेथें त्या वेळीं पगारी शिपायांच्या टोळ्या गांवें लुटीत, खंडण्या घेत आणि कैद्यांस पैशाकरितां अडकवून ठेवीत. सर रॉबर्ट नोल्स हा अशा सेनानायकांतील एक नामांकित पुरुष. त्यानें जाळलेल्या गांवांतून घरांच्या ज्या त्रिकोणी भिंती काळ्याठिक्कर उभ्या राहत, त्यांस लोक उपरोधानें ‘नोल्सचे मुकुट’ म्हणत. या नोल्सच्या हाताखालीं डॅलिंग्रिजनें कित्येक वर्षें काढलीं आणि १३७७ सालीं गांठीं चांगला पैसा बांधून तो स्वदेशीं परतला. बोडियमची वारसदार कन्या एलिझाबेथ वॉर्डडियू हिच्याशीं त्याचा विवाह झाला होता, आणि पैशाबरोबर जमीनहि आली.

पैसा व जमीन आल्यावर माणसास तिसरी वस्तु हवीशी वाटते, ती म्हणजे प्रतिष्ठा. डॅलिंग्रिज परगण्याचा प्रतिनिधि म्हणून पार्लमेंटांत अनेक वेळां निवडून गेला. १३८३ सालीं त्यानें बोडियमास आठवड्याचा बाजार व वार्षिक जत्रा भरविण्याची सनद मिळविली. राजाचा चुलता व लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गॉन्ट याचा ससेक्समधील वाढता अधिकार त्यास खपेना. ड्यूकच्या नोकरांशीं त्याच्या मारामाऱ्या झाल्या. १३८४ सालीं त्याची चौकशी होऊन तो कांहीं काळ बंदींतहि पडला. त्या बंदिवासानंतर वर्षभरांतच त्यास कोट बांधण्याचा परवाना मिळाला आहे, हें विसरूं नये. ज्याला बड्यांनीं खालीं पाहावयास लावलें, त्यानें आपलें घर ६० फूट उंच केलें! १३८६ सालीं त्यानें गिरणीसाठीं पाणी वळवून घेण्याचीहि परवानगी मिळविली. १३९२ सालीं राजानें लंडन शहराचे हक्क काढून घेतले, तेव्हां शहरावर राजाचा अधिकारी म्हणून प्रथम नेमणूक झाली ती याच डॅलिंग्रिजची; ती मात्र फार दिवस टिकली नाहीं. त्यानंतर लवकरच तो वारला. म्हणजे इतक्या हौसेनें बांधलेल्या घराचें सुख त्यास दहा वर्षेंहि लाभलें नाहीं.

आतां आपण कोटांत प्रवेश करूं. हल्लीं पाहुणा उत्तरेकडून सरळ पुलावरून महाद्वाराशीं येतो. मूळची वाट इतकी सरळ नव्हती. पश्चिमेच्या कांठावरून एक लांब लांकडी पूल निघे. तो महाद्वाराकडे न जातां त्याच्या समोर पाण्यांत बांधलेल्या एका अष्टकोनी ओट्याकडे जाई. त्या ओट्यावर काटकोनांत वळल्यानंतर मगच दरवाजाकडे तोंड होई. आणि वाटेंत आणखी एक पुढचा दरवाजा व उचलतां येणारे पूल होतेच. यांतील खुबी अशी कीं, पुलावरून चालणाऱ्याच्या उजव्या हातास सारा वेळ कोट असे. ढाल डाव्या हातांत धरावयाची. तेव्हां शरीराची उघडी बाजू तटावरील तिरंदाजांच्या समोर येई. आपल्या गडांवरील गोमुखी दरवाजे ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस ही युक्ति निराळी समजावून सांगण्याची जरूर नाहीं. वाट वांकडी करून शत्रूस उघडें पाडण्याची अक्कल सह्याद्रींत आणि ससेक्समध्यें सारखीच चालली.

महाद्वाराच्या भिंतींत कुलपाच्या भोंकासारख्या जंग्या आहेत : वर उभी फट, खालीं वाटोळें छिद्र. या तोफांसाठीं ठेवलेल्या आहेत. चौदाव्या शतकांत तोफ ही नवलाईची वस्तु होती. दरवाजाच्या वाटेवर एकामागून एक अशीं वरून खालीं सोडावयाचीं तीन जाळीदार दारें होतीं. त्यांतील बाहेरचें, लोखंडानें मढविलेलें लांकडी दार मूळच्या जागीं अजून आहे. देवडीच्या कमानदार छतास भोंकें ठेवलेलीं आहेत. त्यांतून खालच्या शत्रूवर दगड अथवा तसेंच कांहीं टाकतां यावें. हा सर्व बंदोबस्त पाहून अंगावर कांटा येतो. परंतु मान वर करून पाहावें तों दरवाजावर दगडी ढालींवर कुलचिन्हें कोरलेलीं आढळतात. त्यांत मालकाचें कुलचिन्ह आहे, त्याच्या पत्नीच्या माहेरचेंहि आहे. आणि त्यांच्यावर शिरस्त्राण असून शिरस्त्राणावर एकशृंगी घोड्याचें मस्तक आहे. दक्षिणेच्या चोरदरवाजावर सर रॉबर्ट नोल्सचें चिन्ह आहे. ज्याच्या हाताखालीं संपत्ति मिळविली, त्याचें स्मरण धाकट्या दारावर कां होईना, पण केलें. माणूस लुटारू असेल, कृतघ्न नव्हता.

आंत गेल्यावर मधोमध उघडा चौक आणि चारी बाजूंनीं तटास लागून खोल्यांच्या ओळी, असा आपल्या चौसोपी वाड्यासारखाच बेत आहे. हल्लीं छपरें गेलीं, भिंतींचे अवशेष उरले. तरी जाणता मनुष्य त्यांवरून सर्व घर डोळ्यांपुढें उभें करूं शकतो. दक्षिणेस मोठी सदर होती. तिच्या पश्चिम टोंकास तीन कमानी ओळीनें उभ्या आहेत. मधल्या कमानींतून मुदपाकखान्याची वाट. बाजूच्या दोहोंतून एक पेयांच्या कोठीकडे व दुसरी भाकरीच्या कोठीकडे. मुदपाकखान्यांत दोन प्रचंड चुली समोरासमोर आहेत. त्याच्याच शेजारच्या कोपऱ्यांतील बुरुजाच्या तळाशीं विहीर आहे आणि त्याच बुरुजाच्या माथ्यावर कबुतरखाना. खालीं पाणी, वर कबुतरांचें मांस, मध्यें चूल : एका गृहिणीनेंच नकाशा काढला असावा इतकी ही सोय व्यवहाराची आहे.

पूर्वेच्या बाजूस धन्याचीं व धनिणीचीं खाजगी दालनें व प्रार्थनामंदिर होतें. पश्चिमेस चाकर-शिपायांची वस्ति होती, तिला धन्याच्या दालनांतून वाट नव्हती. भिंतींच्या जाडींत बांधलेले शौचकूप २८ असून ते सर्व सरळ खंदकांत उतरतात. खंदकाची काव्यमय शोभा वर्णन करणाऱ्यांनीं ही बाब बहुधा वगळलेली असते. आम्ही ती मुद्दाम सांगतों. खोल्याखोल्यांतून शेकोटीच्या जागा आहेत. त्या काळीं एका घरांत इतके शौचकूप व इतक्या शेकोट्या म्हणजे सुखसोयींची परमावधि होती. कोट बाहेरून जितका कठोर दिसतो, तितकाच आंतून सुखासीन होता.

येथेंच पंडितांच्या वादास तोंड फुटतें. लढण्यासाठीं बांधलेल्या कोटांत सदरेची उंच खिडकी दक्षिणेच्या तटांतून बाहेर कां उघडावी? प्रार्थनामंदिराची मोठी खिडकी पूर्वेचा तट फोडून कां असावी? तटावरील चर्या माणसास नीट आडोसा देण्याइतक्या मोठ्या नाहींत. तोफांच्या जंग्यांतून माऱ्याचा टापू फार थोडा सांपडतो. आणि ज्या बांधानें खंदकाचें पाणी अडविलें आहे तो मातीचा आहे. शत्रूनें कुदळीफावडीं लावून तो फोडला कीं खंदक कोरडा! १९८८ सालीं भोंवतालच्या जमिनीची बारकाईनें पाहणी झाली, तेव्हां आणखी एक गोष्ट उजेडांत आली. सभोंवार तळीं व बांध अशा बेतानें घातलेले आहेत कीं, येणाऱ्या पाहुण्यास कोट दुरून, पाण्यापलीकडून व फिरत फिरत निरनिराळ्या बाजूंनीं दिसावा. उत्तरेच्या चढावर तर कोट न्याहाळण्यासाठींच केलेला असावा असा एक सपाट माथा आहे. १९९२ सालीं चार्ल्स कूल्सन या अभ्यासकानें विस्तारानें असें प्रतिपादन केलें कीं, बोडियमची तटबंदी प्राधान्येंकरून मानाची खूण होय. उलट पक्षीं, २००७ सालीं कॉलिन प्लॅट यांनीं असल्या मतांस सावधगिरीचा इशारा दिला. फ्रेंचांनीं बंदरें जाळलीं हें खरें, लोक भ्याले होते हेंहि खरें. मग सनदेंत लिहिलेल्या कारणास निव्वळ बहाणा कां म्हणावें, असा त्या पक्षाचा आशय आहे.

वादी व प्रतिवादी दोघेहि विद्वान आहेत. परंतु आम्हांस वाटतें कीं, ‘युद्ध कीं शोभा’ हा प्रश्नच आजच्या माणसाचा आहे. डॅलिंग्रिजला तो सुचलाच नसता. त्याचे खरे शत्रु दोन प्रकारचे होते. एक समुद्रापलीकडचे, जे कदाचित् येतील. दुसरे शेजारचे व दरबारांतले, जे रोज समोर येत. पहिल्यांसाठीं जंग्या व जाळीदार दारें पाहिजेत. दुसऱ्यांसाठीं कुलचिन्हें, उंच बुरूज आणि पाण्यांतलें प्रतिबिंब पाहिजे. त्या जगांत ज्याचा दरारा, त्याचेंच संरक्षण. जो दुबळा दिसला त्याची जमीन शेजारी गिळी, जो भारदस्त दिसला त्याच्या वाटेस कोणी जात नसे. तेव्हां शोभा हीहि एक तटबंदीच होती. हल्ला परतविणारा कोट चांगला; पण ज्याकडे पाहून हल्ला करण्याचें मनांतच येत नाहीं तो अधिक चांगला. कौटिल्यानें खंदकांत मगरींच्या शेजारीं कमळें कां सांगितलीं, तें येथें उमजतें. मगर शत्रूसाठीं असते. कमळ सर्वांसाठीं असतें. तें निमूटपणें सांगतें कीं, या पाण्याचा धनी निर्धास्त आहे, त्याला फुलें लावण्यास सवड आहे.

या कोटाच्या नशीबीं मोठें युद्ध आलेंच नाहीं. १४७० च्या सुमारास तो वारशानें ल्यूकनर घराण्याकडे गेला. १४८३ सालीं तिसऱ्या रिचर्ड राजानें त्या घराण्याच्या बंडखोर धन्याविरुद्ध कोटास वेढा घालण्याचा हुकूम सोडला. पण मोठी झुंज झाल्याचें दिसत नाहीं. सतराव्या शतकांत राजा व पार्लमेंट यांचें यादवी युद्ध पेटलें. त्या वेळचा मालक, थॅनेटचा अर्ल, राजपक्षाचा. पार्लमेंटनें लादलेल्या दंडापायीं त्यास १६४४ सालीं कोट विकावा लागला, आणि त्यानंतर आंतील इमारती, पुढचा दरवाजा व पूल मोडून टाकण्यांत आले. तोफेनें जें झालें नाहीं तें कर्जानें व कुदळीनें केलें. बाहेरच्या भिंती तेवढ्या राहिल्या, त्यांवर आयव्हीचे वेल चढले, आणि पुढें पडक्या वास्तूंचें वेड लागलेल्या चित्रकारांस व प्रवाशांस तें एक तीर्थ झालें.

१८२९ सालीं हा कोट दगडांच्या लोभानें पाडला जाण्याचा संभव होता म्हणतात. तेव्हां जॉन फुलर या धनिकानें तो विकत घेऊन वांचविला. फुलरचा पैसा जमेका बेटांतील मळ्यांचा होता. तेथें गुलाम राबत, आणि पार्लमेंटांत फुलर गुलामगिरीची तरफदारी करी. पुढें जॉर्ज क्यूबिट यांनीं तो खरेदी करून आणखी कांहीं दुरुस्ती केली. आणि १९१७ सालीं कोट ज्या गृहस्थाच्या हातीं गेला, त्याचें नांव ऐकून आमचे वाचक जरा सांवरून बसतील. तो गृहस्थ म्हणजे लॉर्ड कर्झन!

१८९९ ते १९०५ पर्यंत हिंदुस्थानचा व्हाइसरॉय, वंगभंगाचा कर्ता, ज्याच्या कारभारावर ‘केसरी’चे आसूड कडाडले, तोच हा कर्झन. परंतु त्याच कर्झननें येथें पुराणवस्तु-संशोधन खात्याचें पुनरुज्जीवन केलें, १९०२ सालीं जॉन मार्शल यांस त्यावर नेमलें, आणि १९०४ सालीं प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा केला. स्वतंत्र हिंदुस्थानानें १९५८ सालीं नवा कायदा केला, तोंपर्यंत आपल्या लेण्यांचें, देवळांचें व किल्ल्यांचें रक्षण त्या कायद्याच्या आधारानेंच चालत होतें. स्वदेशीं परतल्यावर कर्झननें तीच हौस तेथें चालविली. १९११ सालीं त्यानें टॅटर्शलचा विटांचा कोट विकत घेतला आणि तेथून उपटून परदेशीं विकल्या जाणाऱ्या कोरीव शेकोट्या परत आणून जागच्या जागीं बसविल्या. मग बोडियम घेतला. कोट बांधणाऱ्याप्रमाणें त्यास सांवरणाऱ्याच्याहि घरीं लक्ष्मी सासुरवाडीच्या वाटेनें आली होती. कारण कर्झनची पहिली पत्नी शिकागोच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याची कन्या होती. इतिहास असे विनोद गंभीर चेहऱ्यानें करतो.

कर्झननें काय केलें, यापेक्षां काय केलें नाहीं हें अधिक महत्त्वाचें आहे. १९१९ च्या सुमारास विल्यम वेअर या जाणत्या वास्तुशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं काम सुरू झालें. खंदक उपसून गाळ काढला, वेल काढून सांधे चुन्यानें भरले, ढिले झालेले दगड पक्के केले. परंतु गेलेलीं छपरें नव्यानें घातलीं नाहींत, सदर पुन्हां उभारून तींत खोटें शिसवी सामान मांडलें नाहीं. जें राहिलें आहे तें टिकवावें; जें गेलें त्याचें सोंग आणूं नये, हें त्यामागील सूत्र. कर्झननें बोडियमवर एक पुस्तकहि लिहिलें. तें त्याच्या मृत्यूनंतर १९२६ सालीं प्रसिद्ध झालें. १९२५ सालीं तो वारला तेव्हां मृत्युपत्रान्वयें बोडियम व टॅटर्शल हे दोन्ही कोट त्यानें नॅशनल ट्रस्ट या १८९५ सालीं स्थापन झालेल्या संस्थेस दिले. आज तीच संस्था बोडियम सांभाळते आणि कोणीहि मनुष्य तिकीट काढून आंत जाऊं शकतो. धाकट्या मुलानें केवळ स्वतःच्या मानासाठीं बांधलेलें घर अशा रीतीनें सर्वांचें झालें.

कोणी म्हणेल, लुटारूनें बांधलेला, गुलामांच्या धन्यानें वांचविलेला आणि बंगालचे तुकडे करणाऱ्यानें दुरुस्त केलेला हा कोट. त्याचें आम्हां मराठी माणसांस कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, वास्तु जपणें म्हणजे वास्तूच्या धन्यास नमस्कार करणें नव्हे. दगड उभा असेल तर त्याच्या धन्याविषयीं खरें-खोटें बोलतां येतें. दगडच गेला तर उरतात त्या स्तुतीच्या बखरी किंवा निंदेच्या कंड्या. दक्षिणेच्या दारावर नोल्सचें चिन्ह नसतें, तर त्या वैभवाचा उगम बोट ठेवून दाखवितां आला नसता. पडकी वास्तु ही साक्षीदार आहे, आणि साक्षीदार सज्जनच पाहिजे असें कोठल्याहि न्यायशास्त्रांत सांगितलेलें नाहीं. तो जिवंत पाहिजे, एवढेंच.

हें आम्ही लिहितों त्याला कारण आहे. आपल्या देशावरील गांवोगांव देशमुखांच्या, पाटलांच्या, लहानमोठ्या सरदारांच्या गढ्या आहेत. त्यांची पांढरी माती लोक धाब्यांवर घालण्यास व शेतांत टाकण्यास नेतात. बुरूज दर पावसाळ्यांत हातभर खचतो. शहरांतील वाडे पाडून त्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती उठल्या. आमच्या ओळखीच्या एका तालुक्याच्या गांवीं वाड्याचे सागवानी कोरीव खांब वजनावर विकले गेले, आणि विकणाऱ्या वारसास आपल्या खापरपणजोबांचें नांवहि सांगतां आलें नाहीं. याच्या उलट जेथें थोडा पैसा आहे तेथें जुन्या दगडी देवळास चकचकीत तैलरंग फांसून व फरशा बसवून ‘जीर्णोद्धार’ होतो. पहिला प्रकार उपेक्षेचा, दुसरा प्रेमाचा. परिणाम मात्र एकच. साक्षीदार मुका होतो.

प्रत्येक गढीस कर्झनसारखा धनवान् वाली मिळणार नाहीं, आणि सरकारनें सर्व कांहीं करावें ही अपेक्षाहि फोल आहे. परंतु ज्यांच्या घराण्यांत अशी वास्तु आहे त्यांना तीन गोष्टी विनाखर्च करतां येतील. तिचा नकाशा काढून ठेवावा; कोणती खोली कशाची होती तें वृद्ध माणसांकडून आजच विचारून लिहून घ्यावें; आणि भिंतींत रुजणारें पिंपळाचें रोप तें बोटाएवढें आहे तोंवर उपटावें. पिंपळाविषयीं आमची श्रद्धा कोणाहून कमी नाहीं. पण त्याची जागा पाराची आहे, बुरुजाची नव्हे. एवढें जरी घडलें, तरी आमच्याहि एखाद्या गढीच्या पडक्या दारांत उभा राहून पुढच्या पिढींतील विद्यार्थी आपल्या पूर्वजांस विचारूं शकेल : तुमच्या खंदकांत मगरी किती होत्या, आणि कमळें किती?